कोयत्याला क्वार्टर नाही

मी परळीचा, म्हणजे थर्मलच्या कॉलनीतला. पत्ता विचारला की आम्ही क्वार्टरचा नंबर सांगायचो. १९७१ मध्ये इथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. वीज चोवीस तास बनते, रात्री काही बिघडलं तर माणूस हाकेच्या अंतरावर हवा. म्हणून कॉलनी. उपकार वगैरे काही नाही, साधं लॉजिक.

हेच लॉजिक त्याआधीही होतंच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. तिथे निवडुंग आणि साप. कारागीर टिकायचा तर आधी घर हवं, म्हणून किर्लोस्करवाडी वसली.

आता दुसरं चित्र. दसरा झाला की आमच्या बीडमधून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते, गाडी मध्यरात्री आली तरी भरायची. म्हणजे माणूस हाकेच्या अंतरावर हवाच! इनपुट तेच, पण आउटपुट काय? बांबू, चटई, ताडपत्री. त्याला कोपी म्हणतात.

"अहो, सहा महिन्यांचंच काम, घरं कशाला?" असं म्हणतात. पटत नाही. मला तीन महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात पाठवलं, तर कंपनीने गेस्ट हाऊस दिलं, गीझरसकट.

खरी गोम अशी की मजूर मुकादमाचा, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नावच नाही. १९७९ च्या कायद्याने परराज्यात नेलेल्या मजुरांना राहायला जागा देणं कंत्राटदाराला बंधनकारक केलं. पण बीडहून कोल्हापूरला जाताना राज्याची सीमा लागतच नाही! २०२५ पर्यंत बेळगावला गेलात तर तो कायदा लागू असायचा, तोही कागदावर.

२०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. चांगलंच झालं, पोरांची शाळा सुटू नये. पण पोरगं पक्क्या भिंतींत आणि आई-बाप कोपीत, हे काही उत्तर नव्हे.

लहानपणी कॉलनीच्या गेटवरून ते ट्रक जाताना आम्ही हात हलवायचो. तेही हलवायचे. त्यांच्या घराचा नंबर काय, हे मात्र कधी विचारावंसं वाटलं नाही.