महाकालाचे राज्य (उज्जैन)

मध्य प्रदेशात क्षिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जैन नगरीचा राजा महाकाल, या श्रद्धेवर उभी असलेली राजव्यवस्था. या राज्याला सीमा, नाणे किंवा फौज नाही आणि कायद्याच्या दृष्टीने ते अस्तित्वातही नाही. तरीही त्याच्या राजाला सरकारी पोलीस बंदुका उंचावून सलामी देतात.

धर्मसत्तेचे कायदेशीर राज्य पाहायचे तर रोमला जावे लागते. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन कराराने स्वतंत्र झालेले व्हॅटिकन अवघ्या ४४ हेक्टरांचे आहे. तिथे पोप हाच राष्ट्रप्रमुख. भारतात देव आणि राज्य यांची सांगड निरनिराळ्या तऱ्हांनी घातली गेली. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० मध्ये राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केले आणि पुढचे राजे देवाचे दास म्हणून गादीवर बसले. मेवाडचे महाराणा स्वतःला एकलिंगजीचे दिवाण म्हणवीत. नांदगाव (आजचे राजनांदगाव) संस्थान तर बैरागी महंतांच्या हाती होते. ओरछ्यात रामराजाला आजही सलामी मिळते. उज्जैनची तऱ्हा ओरछ्याला जवळची, पण तिच्यावर मराठी हात ठळक दिसतो.

इतिहास : इ.स. १२३४-३५ च्या सुमारास इल्तुत्मिशच्या स्वारीत महाकालाचे देऊळ उद्ध्वस्त झाले. आजची वास्तू मुख्यतः अठराव्या शतकातली. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी जीर्णोद्धार करवला. देऊळ तीन मजली आहे : तळाशी दक्षिणाभिमुख महाकालेश्वर, मध्ये ओंकारेश्वर आणि वर नागचंद्रेश्वर. नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते.

राजशिष्टाचार : श्रावणातल्या सोमवारी दुपारी चारच्या सुमारास राजा प्रजेची खबर घ्यायला निघतो. चांदीच्या पालखीत त्याचे चंद्रमौलेश्वर रूप, हत्तीवर मनमहेश रूप. आधी सभामंडपात पूजन होते, मग महाद्वाराशी सशस्त्र पोलिसांची मानवंदना. गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी असे करीत पालखी रामघाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो आणि परतीच्या वाटेवर ती गोपाळ मंदिरापाशी थांबते. हे मंदिर दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधवले.

पालखीच्या या सवारीच्या तारखांतही मराठी पंचांग डोकावते. उत्तरेकडचा पौर्णिमान्त श्रावण आषाढी पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला अमान्त श्रावण पंधरवड्याने मागाहून. उज्जैनला दोन्ही सांभाळले जातात. म्हणून तिथल्या भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही, म्हणजे मराठी श्रावण संपेपर्यंत, सवारी निघते.

राज्यकारभाराची वाटणीही ठरलेली आहे. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची पालखी गोपाळ मंदिरात जाते. तिथे हराला तुळस आणि हरीला बेल वाहतात. चातुर्मासात शिवाने सांभाळलेला सृष्टीचा भार या 'हरिहर मिलना'त विष्णूकडे परत सोपवला जातो, अशी समजूत आहे.

एका नगरीत दोन राजे रात्री राहू शकत नाहीत, हा या राज्याचा सर्वांत गाजलेला संकेत. सत्ताधारी इथे मुक्काम टाळतात, ते याच धास्तीने. इतिहासाशी मात्र तो नीट जुळत नाही, कारण १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला बस्तान हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झालेले मोहन यादव मूळचे उज्जैनचेच. पदावर येताच त्यांनी तिथे रात्र काढली आणि आपण महाकालाचे पुत्र आहोत, असा खुलासा केला. म्हणजे संकेत मोडतानाही त्यांनी राजाचे राजेपण मान्यच केले.

प्रशासन : प्रत्यक्ष कारभार १९८२ च्या मध्य प्रदेश कायद्यानुसार मंदिर व्यवस्थापन समिती पाहते आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पहाटेच्या भस्म आरतीत भस्म चढवण्याचा मान महानिर्वाणी आखाड्याचा, पूजा वंशपरंपरागत पुजाऱ्यांची. लिंगाची झीज थांबावी म्हणून भाविकांनी ते हाताने घासू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. राजाच्या देहाची काळजीही अशी शेवटी प्रजासत्ताकाच्या न्यायालयाकडेच गेली.

भेट : ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' या परिसराचे उद्घाटन झाल्यापासून गर्दी फार वाढली आहे. देवळात शिरण्याआधी हा परिसर फिरून घ्यावा. भस्म आरतीसाठी आगाऊ नोंदणी आणि ओळखपत्र लागते. हे राज्य समजून घ्यायचे असेल, तर केवळ दर्शनाच्या रांगेत उभे राहून परतू नये; श्रावणातला एखादा सोमवार निवडावा आणि चारच्या आत महाद्वार गाठावे. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ मध्ये आहे.