टिपणापासून टोकामाकपर्यंत

हद्दीचा वाद निघाला की बोरी गावातल्या शेतकऱ्यापुढे भूमी अभिलेखाचं जुनं टिपण येतं. वेड्यावाकड्या शेतातून ओढलेली एक लांब रेघ, आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर टाकलेला लंब. काटकोन साधायला शंकू, अंतर मोजायला साखळी. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात. त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे शेत.

अखंड हिशेब जमत नाही तिथे तुकडे पाडायचे, ही युक्ती पुढे फार लांब गेली. 1802 साली विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली आणि पुढे कोन मोजत त्रिकोणांची माळ उत्तरेला नेली. त्याच कामावर असताना जानेवारी 1823 मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला. मोजणीदारांचा दंडक एकच: त्रिकोण चपटा नको, कारण कोनातली बारीक चूक बाजूच्या लांबीत फुगते. 1934 मध्ये बोरिस देलोने या रशियन गणितीने मांडलेल्या रचनेत कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात चौथा बिंदू येत नाही, त्यामुळे चपटे त्रिकोण शक्य तितके टळतात. संगणक आज अशी जाळी आपोआप विणतो.

टोकामाक या अणुसंमीलनाच्या यंत्राने मात्र हा दंडक उलटवला. हायड्रोजनच्या भावंडांचा दहा कोटी अंशांवर तापलेला प्लाझ्मा तिथे चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवतात. उष्णता क्षेत्ररेषेच्या दिशेने जितकी सुसाट धावते, त्याच्या लाखांश वेगानेही ती आडवी सरकत नाही. या उष्णतेचा हिशेब करणाऱ्या जाळीची घरं रेषांना तिरकी पडली, तर गणितातली बारीक चूक आडवी गळती बनते. नसलेली उष्णता भिंतीवर दिसते. म्हणून इथे घरं मुद्दाम लांबट, रेषांना धरून आखतात. सर्वांत अवघड जागा म्हणजे चुंबकीय पृष्ठभाग फुलीसारखे छेदतात तो बिंदू. 1996 साली मार्शां आणि डम्बेरी यांनी ‘कारे’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो हे पृष्ठभाग शोधून त्यांच्यावर जवळपास काटकोनी जाळी स्वतः बसवतो.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हे टोकामाक 1989 पासून चाललं. 2016 मध्ये त्याचं ‘आदित्य-यू’ झालं, आणि तो फुलीचा बिंदू उभा करायची सोय त्यात आली. अशा यंत्राच्या गणिताचं रंगीत चित्र कुणी दाखवलं, तर आधी त्याखालची जाळी दाखवा म्हणावं.