चपट्या नाकाचा पाहुणा

२००३ साली ‘हच’ या मोबाईल कंपनीची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकू लागली. गोव्यात चित्रित झालेल्या त्या जाहिरातीत एका मुलाच्या पाठोपाठ सुरकुतल्या तोंडाचा एक इवलासा कुत्रा चालत असे. त्याची जात पग. तेव्हापासून आपल्याकडे त्याला मोठी मागणी आली. त्याचे कूळ मात्र थोड्यांनीच विचारले.

हे कूळ चीनचे. तेथील राजदरबारी मांडीवर बसणारी ही कुत्री हौसेने पाळली जात. पुढे व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती हॉलंडला पोहोचली. १५७२ साली विल्यम ऑफ ऑरेंज यांच्या छावणीवर रात्री छापा पडला, तेव्हा त्यांच्या कुत्र्यानेच त्यांना जागे केले, अशी कथा आहे. तो पगच होता, याविषयी मात्र एकमत नाही.

आम्हां कॅथलिकांचाही या प्राण्याशी एक गमतीचा संबंध आहे. १७३८ साली पोप बारावे क्लेमंट यांनी फ्रीमेसन मंडळात सामील होण्यास श्रद्धावंतांना मनाई केली. त्यानंतर १७४०च्या सुमारास जर्मनीतील काही कॅथलिकांनी ‘पग-संघ’ स्थापिला. कोलोनचे आर्चबिशप क्लेमेन्स ऑगस्ट हे त्याचे संस्थापक होते, असे सांगतात. या संघात स्त्रियांनाही प्रवेश असे. नव्या सभासदाने गळ्यात पट्टा बांधून दार नखांनी खरवडायचे! आज्ञाही पाळली गेली आणि हौसही भागली, असेच म्हणावयाचे.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली आपल्या पगसह स्वतःचे चित्र रंगविले. त्यातील कुत्र्याचे मुस्कट आजच्या पगहून स्पष्टपणे लांब आहे. म्हणजे आज आपण ज्या चपट्या चेहऱ्याचे कौतुक करतो, तो निसर्गाने नव्हे, तर माणसाच्या आवडीने, निवडून केलेल्या पैदाशीतून घडला. सहा ते आठ किलो वजन, पाठीवर वळलेली शेपटी, प्रेमळ स्वभाव, हे सारे खरे. परंतु आखूड नाकात श्वासाची वाट अरुंद झाली. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो. तेच याला नीट जमत नाही.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावी पग म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हे, हे घरात आणण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे. त्याला दुपारी बाहेर काढू नये, लठ्ठ होऊ देऊ नये. घोरणे गोड वाटले, तरी ते त्रासाचे लक्षण असू शकते. ज्या हॉलंडमार्गे तो युरोपात शिरला, त्याच देशाने २०१९ साली कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड मुस्कटाच्या कुत्र्यांच्या पैदाशीस मनाई केली.