वळणाच्या तक्त्यातली बैलगाडी

मागच्या आठवड्यात सिव्हिल थ्रीडीवर सरावासाठी एक वळण आखत होतो. सपाट मुलूख, वेग ताशी १०० किमी, त्रिज्या ३७० मीटर. लगेच पिवळा त्रिकोण उगवला : त्रिज्या कमी पडते. वहीतलं गणित मात्र म्हणत होतं, ३६० मीटर पुरतात. तीनदा तपासलं. शेवटी लक्षात आलं, सॉफ्टवेअरबरोबर आलेला अमेरिकी तक्ता मी तसाच ठेवला होता आणि वहीत आपला भारतीय होता. तुम्ही म्हणाल, भौतिकशास्त्र तर दोन्हीकडे एकच ना? हो, एकच. म्हणूनच मी त्या तक्त्यांच्या मागे लागलो.

वळणावर गाडीला धरून ठेवतात दोन गोष्टी : बाहेरचा काठ उचलून दिलेला आडवा उतार (सुपरएलिव्हेशन) आणि टायरचं आडवं घर्षण. दोघांची बेरीज म्हणजे वेगाचा वर्ग भागिले १२७ गुणिले त्रिज्या. हे १२७ म्हणजे ३.६ चा वर्ग गुणिले ९.८१, बाकी काही गूढ नाही. इथपर्यंत न्यूटन. उतार किती द्यायचा, घर्षण किती धरायचं, हे मात्र माणसं ठरवतात.

अमेरिकेत १९३६ साली जोसेफ बार्नेट यांनी रस्त्यासाठी आधी एक वेग धरून चालायची कल्पना नीट मांडली. घर्षणाची मर्यादा त्यांनी टायर घसरण्यावरून नाही, तर आतल्या माणसाला आडवी ओढ नकोशी वाटण्यावरून घेतली. म्हणजे तक्त्यातला हा आकडा मुळात माणसाच्या अंगाला जाणवलेला! आजचा अमेरिकी तक्ता ताशी १०० ला ०.१२ धरतो, ८ टक्के उतार दिला तरी त्रिज्या ३९४ मीटर लागते. आपल्याकडे घर्षण ०.१५, उतार सपाट मुलखात जास्तीत जास्त ७ टक्के. म्हणून ३६०.

आपले हे आकडे इंडियन रोड्स काँग्रेसचे. ही संस्था १९३४ साली स्थापन झाली ती १९२७ च्या रस्ते समितीच्या शिफारशींवरून, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मु. रा. जयकर. तेच, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.

पण मला सगळ्यात आवडला तो दुसराच नियम. उतार काढताना पूर्ण वेग घ्यायचा नाही, त्याच्या ७५ टक्केच घ्यायचा. त्यामुळे सूत्रात १२७ च्या जागी २२५ येतात. कारण? रस्त्यावर सगळी वाहनं एका वेगाची नाहीत. काठ फार उचलला, तर उंच भरलेली, सावकाश चाललेली बैलगाडी वळणाच्या आतल्या बाजूला कलंडेल.

हे समजायला इंदापूरला हंगामात या. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळणावर बघा. ८०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १०० च्या मोटारीचा भार एकट्या उतारावर टाकायचा तर जवळपास ९.८ टक्के लागतील. नियम देतो साडेपाच. उरलेलं घर्षणावर, फक्त ०.०४३. मोटारवाल्याला ते जाणवणारही नाही, ट्रॉलीवाल्याला मात्र तो फरक मोठा आहे. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५जी. वारकऱ्यांना चालायला वेगळा पट्टा ठेवलाय. ऊस मात्र मोटारींबरोबरच जातो.

तक्ता बदलला, त्रिकोण गेला. तुम्ही हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर वळण आखायच्या आधी तक्ता कुठला लावलाय ते एकदा उघडून बघा. पुढच्या वेळी संक्रमण वक्र, म्हणजे सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना काठ हळूहळू कसा उचलतात, ते बघू.