गांवगाडा आणि समाजशास्त्राची दृष्टि

पेशवाईंतील किंवा तिच्याहि आधींचा एखादा महजर हातीं घ्यावा. तंटा पाटीलकीच्या वांट्याचा असतो, किंवा दोन गांवांच्या शिवेचा. वादी-प्रतिवाद्यांच्या तकरीरी होतात, साक्षी होतात, आणि गोतसभा निवाडा करते. कागदाच्या शेवटीं सभेस बसलेल्यांचीं नांवें असतात. पाटलाच्या नांवापाशीं नांगराची निशाणी असते, आणि इतरांच्या नांवांपाशीं ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची. इतिहाससंशोधक असा कागद पाहून साल, स्थळ, व्यक्ति आणि हक्क निश्चित करतो, आणि तें त्याचें कामच आहे. परंतु त्या निशाण्यांकडे थोडा वेळ पाहत राहिलें म्हणजे निराळेच प्रश्न मनांत उभे राहतात. सुतार, न्हावी, महार हे पाटलाबरोबर एका कागदावर आले कसे? एका कागदावर येणारीं हीं माणसें एका पंक्तीस कां बसत नव्हतीं? शिवेच्या तंट्यांत ज्याच्या शब्दाला वजन, त्यालाच गांवच्या पाणवठ्यावर मज्जाव कसा? हे प्रश्न कोणा एका पाटलाविषयीं किंवा महाराविषयीं नाहींत. ज्या घडणींत ते दोघेहि जन्मास आले, त्या घडणीविषयीं ते आहेत. अशा प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारें जें शास्त्र, तें समाजशास्त्र होय.

हें शास्त्र वयानें लहान आहे. त्याला आजचें नांव फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यानें १८३८ सालीं दिलें, आणि त्याची पद्धति आखून देण्याचें श्रेय बव्हंशीं एमिल दुर्खीम याच्या १८९३ ते १८९७ या काळांतील ग्रंथांस आहे. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांच्या हातून या विषयाचा विभाग सुरू झाला, व १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं तो वाढविला. पण त्याच्याहि आधीं मराठी माणसें या वाटेला लागलीं होतीं. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ चा आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं जातीची उत्पत्ति व घडण या विषयावरील आपला निबंध न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१६ च्या मे महिन्यांत वाचला. तथापि शास्त्राची महती त्याच्या वंशावळीनें ठरत नाहीं. तें आपल्याला कोणती गोष्ट अधिक स्पष्ट दाखवितें, यावरून ठरते. म्हणून आपल्या नित्य परिचयाचें, किंबहुना अतिपरिचयाचें, एकच उदाहरण घेऊन ही परीक्षा करूं. तें उदाहरण म्हणजे महाराष्ट्रांतील गांवगाडा.

गांवगाड्याची रचना थोडक्यांत अशी होती. पाटील आणि कुलकर्णी हे गांवचे वतनदार. जमीन करणारा कुणबी. त्यांत वंशपरंपरेच्या हक्कानें जमीन धारण करणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, जोशी, गुरव इत्यादि बलुतेदार. संख्या बारा अशी ठरलेली असली तरी प्रांतोप्रांतीं यादी थोडी निराळी असे. बलुतेदारानें वर्षभर आपलें काम करावें, आणि सुगीच्या वेळीं कुणब्याच्या खळ्यावर आपलें बलुतें, म्हणजे धान्याचा ठरीव वांटा, घ्यावा. कामागणिक दाम नव्हता, आणि कामाचें मोजमापहि नव्हतें. थोरली, मधली व धाकटी अशा ओळींप्रमाणें वांटा कमीजास्त असे, आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे जाई.

इंग्रज अधिकाऱ्यांना या रचनेचें मोठें नवल वाटलें. १८१९ च्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टननें असें मत दिलें कीं, वरचें सरकार नाहींसें झालें तरी असें गांव आपला निर्वाह व रक्षण करूं शकेल. १८३० सालीं उत्तर हिंदुस्थानांतील गांवांविषयीं लिहितांना मेटकाफनें त्यांना लहान लहान प्रजासत्ताकांची उपमा दिली. १८७१ सालीं हेन्री मेन यानें पौर्वात्य व पाश्चात्य ग्रामसंस्थांची तुलना करून हिंदी गांव म्हणजे युरोपच्या प्राचीन अवस्थेचा जिवंत नमुना होय असें प्रतिपादिलें. मार्क्सनें १८५३ च्या आपल्या वृत्तपत्री लेखांत त्याच स्वयंपूर्ण गांवाचें चित्र घेतलें. मात्र त्यांतून निघणारा अर्थ त्यानें उलटा लाविला, आणि हीं एकलकोंडीं गांवें पौर्वात्य जुलुमशाहीचा पाया ठरविलीं. स्तुति करणारा आणि निंदा करणारा अशा दोघांचेंहि एका गोष्टीवर एकमत होतें: गांव स्वयंपूर्ण आहे, आणि तें बदलत नाहीं. पुढें आमच्या राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकांनीं यांतील स्तुतीचा भाग उचलला. परक्यानें दिलेलें प्रशस्तिपत्र पराभूत समाजाला गोड लागावें, यांत आश्चर्य नाहीं.

परंतु गांवांत राहून, खळ्यावर उभे राहून ज्यांनीं हा गाडा पाहिला, त्यांचें म्हणणें काय होतें? मुलकी खात्यांत नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या बारीक निरीक्षणाचें सार असें कीं, कुणबी या व्यवस्थेखालीं पिचला आहे: बलुतेदार काम टाळतात, मागणें मात्र सोडीत नाहींत, आणि वर फिरस्त्यांचा व भिक्षेकऱ्यांचा भार पुन्हा त्याच्याच राशीवर पडतो. यानंतर तेरा वर्षांनीं, १९२८ सालीं, डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें. त्यांचें म्हणणें असें कीं, महार वतनदार आठही प्रहर सरकारी कामास बांधलेला; तो घरीं नसेल तर त्याच्या घरचीं माणसें बांधलेलीं; आणि याचा मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन व गांवकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेलें बलुतें. चाकरी सरकारची, आणि पगार देणें न देणें गांवाच्या हातीं! म्हणून बलुत्याऐवजीं रोख रक्कम सरकारनेंच सारा वसूल करतांना घ्यावी व महारांस द्यावी, अशी त्यांची सूचना होती. तें विधेयक पुढें मागें घ्यावें लागलें.

येथें वाचक पेंचांत पडेल. एक अनुभवी लेखक म्हणतो, बलुतेदार कुणब्याला लुबाडतो. दुसरा, तितकाच अधिकारी पुरुष, म्हणतो, बलुतेदार उपाशी राहून राबतो. दोघांपैकीं खोटें कोण? आपली नेहमींची रीत अशी कीं, आपण एकाची बाजू घेतों आणि दुसऱ्याच्या वृत्तींत दोष काढतों. समाजशास्त्र आपल्याला अडविते तें येथें. तें सांगतें कीं, आधीं माणसांचे स्वभाव बाजूस ठेवा आणि नियम पाहा. मोबदला कामाशीं बांधलेला नव्हता, जन्माशीं बांधलेला होता. कुणब्याला सुतार नापसंत पडला तरी दुसरा आणतां येत नव्हता, कारण वतन त्याचें होतें. आणि सुताराला बलुतें अपुरें वाटलें तरी गांव सोडून दुसरीकडे तेंच काम करणें सोपें नव्हतें, कारण तेथें दुसऱ्याचें वतन होतें. जेथें दोन्ही पक्षांना संबंध तोडतां येत नाहीं, तेथें असंतोष प्रकट करण्याचा एकच मार्ग उरतो: एकानें कामांत अंग चोरावें, दुसऱ्यानें पेंढीत हात आखडावा. आत्र्यांना दिसलें तें पहिलें, आंबेडकरांना दिसलें तें दुसरें. दोघांनीं पाहिलेलें खरें होतें. दोष सुताराच्या आळसांत किंवा कुणब्याच्या कवडीचुंबकपणांत शोधीत बसलों असतों, तर शेकडों वर्षें गांवोगांव तोच तंटा कां, हें कधींच उमगलें नसतें.

पण येथेंच थांबलें तर दुसरी चूक होईल. दोघेहि बांधलेले, म्हणून दोघांचें ओझें सारखें, असें मात्र नव्हे. संस्थेचा उपयोग काय, हा प्रश्न विचारतांना तो उपयोग कोणाला, हेंहि विचारावें लागतें. गांवचा बहिष्कार पडला तर सुताराचें अडे. महाराचें मात्र सर्वस्व अडे, कारण त्याच्यापाशीं पुरेशी जमीन नाहीं, दुसरा धंदा नाहीं, आणि गांवच्या विहिरीवर हक्कहि नाहीं. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या समितीनें १९३० च्या आपल्या अहवालांत सामाजिक बहिष्कार या शस्त्राची जी दखल घेतली, ती याच कारणानें. दुर्खीमनें श्रमविभागावरील आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, कामांची वांटणी माणसांना एकमेकांशीं जोडते; परंतु ती सक्तीची असेल, माणसाच्या गुणांशीं तिचा मेळ नसेल, तर जोडण्याचें तिचें सामर्थ्य नष्ट होतें. डॉ. आंबेडकरांचा १९१६ चा निबंध याच्या पलीकडे जाऊन ती सक्ति टिकते कशानें, तें सांगतो. त्यांच्या मतें जातीचें मर्म धंद्यांत नसून जातीच्या आंतच विवाह करण्याच्या नियमांत आहे. आणि सती, सक्तीचें वैधव्य व बालविवाह या चाली त्याच नियमाच्या रक्षणार्थ उत्पन्न झाल्या. खळ्यावरील पेंढीचा संबंध असा माजघरांतील विधवेशीं जाऊन पोंचतो. निरनिराळ्या दिसणाऱ्या संस्थांमधील हे आंतले धागे दाखविणें, हें या शास्त्राचें दुसरें मोठें कार्य होय.

तिसरें कार्य तुलनेचें. अमेरिकन मिशनरी विल्यम वायझर यानें संयुक्त प्रांताच्या मैनपुरी जिल्ह्यांतील एका गांवाचा अभ्यास करून १९३६ सालीं जजमानी पद्धतीवर ग्रंथ लिहिला. तेथें प्रत्येक कारागीर ठराविक घराण्यांशीं बांधलेला होता. त्यावरून साऱ्या देशांत हीच रीत असावी असा ग्रह पसरला. परंतु हिरोशी फुकाझावा या जपानी विद्वानानें मराठी कागदपत्रें अभ्यासून १९७२ सालीं असें दाखविलें कीं, अठराव्या शतकांतील महाराष्ट्रांत बलुतेदार हा एकेका घराचा नव्हे, तर साऱ्या गांवाचा सेवक होता. भेद बारीक दिसतो, पण आरंभींच्या महजराचें कोडें त्यानेंच सुटतें. जो गांवाचा सेवक, तो गांवाचा घटक. म्हणून गोतसभेच्या कागदावर त्याची निशाणी. आणि घटक असूनहि समान नाहीं. म्हणून पंक्ति वेगळी, पाणवठा वेगळा. सामील करून घेणें आणि खालीं ठेवणें हीं एकाच व्यवस्थेचीं दोन अंगें होतीं.

असें असलें तरी समाजशास्त्रालाहि इतिहासाचा अंकुश हवा. नुसत्या आकृतीच्या मोहांत पडलें कीं गांव गोठलेलें दिसूं लागतें, आणि मेनसाहेबांची चूक पुन्हा पदरीं पडते. आमचीं दप्तरें निराळें सांगतात. पाटीलकीचे वांटे विकले जात. १६३०-३२ च्या दुष्काळांत गांवें ओस पडलीं, १८०३-०४ च्या दुष्काळांतहि पडलीं, आणि पुढें कौल देऊन, साऱ्याचा इस्तावा ठरवून, पुन्हा वसविलीं गेलीं. स्वयंपूर्णता म्हणावी तर मीठ कोंकणांतून वंजाऱ्यांच्या बैलांवर येई, सारा रोख भरण्यासाठीं धान्य बाजारांत न्यावें लागे, आणि मुली परगांवीं द्याव्या लागत. प्रा. श्रीनिवास यांनीं १९६० सालीं गांवाच्या स्वयंपूर्णतेस दंतकथा म्हटलें, तें याचसाठीं. इतिहासाशिवाय समाजशास्त्र म्हणजे पायाविण आराखडा, आणि समाजशास्त्राशिवाय इतिहास म्हणजे आराखड्याविण विटांचा ढीग.

हा सारा विचार केवळ विद्वानांच्या करमणुकीचा नाहीं. १९४८ च्या नोव्हेंबरांत घटनासमितींत हाच वाद उभा राहिला. गांव हा राज्यघटनेचा पाया कां नाहीं, असा आक्षेप आला, तेव्हां आंबेडकरांनीं मेटकाफच्या त्या स्तुतीचा कठोर समाचार घेतला आणि व्यक्ति हाच घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलें. त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींविषयींचें कलमहि घटनेंत आलें. आजचें कलम ४० तें हेंच. व्यक्तीला मान आणि गांवाला अधिकार या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदवाव्या, हा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं. तो आमच्या हवालीं करण्यांत आला.

दरम्यान कायद्यानें आपलें काम केलें. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, महार वतनांसह कनिष्ठ ग्रामवतनें १९५८ च्या कायद्यानें, आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें. हा लेख वाचणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुठल्या तरी वतनाचे कागद एखाद्या पेटींत असतील. प्रस्तुत लेखकाच्या घरींहि कुलकर्णाचे आहेत. ते कागद पाहतांना पूर्वजांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तीच व्यवस्था एका घराला सनद देत होती आणि दुसऱ्या घराला वेठ, ही गोष्ट त्या कागदावर लिहिलेली नसते. ती वाचावयास समाजशास्त्र शिकवितें. पूर्वजांना गुन्हेगार ठरवावें असें तें सांगत नाहीं, कारण तेहि त्याच घडणींत जन्मलेले होते. पण त्या घडणीचा लाभ आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचला, अक्षर, नोकरी, शहर आणि आत्मविश्वास यांच्या रूपानें तो आजहि किती उरला आहे, हा हिशेब तें आपल्यापुढें मांडतें. महजराखालीं नांगर आणि हत्यारें उमटविणाऱ्यांनीं आपल्या काळाची साक्ष दिली. आमची साक्ष अजून व्हावयाची आहे.