घोडमाशी : खंडोखंडीचे आकारमान

घोडमाशी (गोमाशी) ही द्विपंखी कीटकांच्या टबॅनिडी कुलातील माशी होय. जगात तिच्या चार हजारांवर जाती आहेत. लहान जाती ५–६ मि.मी., म्हणजे जेमतेम घरमाशीएवढ्या असतात.

मोठेपणाचा मान उत्तर अमेरिकेकडे जातो. तेथील टबॅनस अमेरिकॅनस ३० मि.मी.पर्यंत वाढते, तर काळीकुट्ट टबॅनस ॲट्रॅटस २० ते २८ मि.मी. भरते. युरोपातील टबॅनस सुडेटिकस २५ मि.मी.च्या घरात जाते. भारतात गुरांवर नेहमी आढळणाऱ्या टबॅनस स्ट्रायॅटस व टबॅनस रुबिडस या त्यांच्यापुढे मध्यमच. लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत धरतात. पंख व सोंड मोजत नाहीत. हिमालयातील फिलोलिची लाँगिरॉस्ट्रिसची सोंड अंगाहून लांब असते, पण या हिशेबात ती वाया जाते! शिवाय रक्त प्यालेली माशी फुगते, टाचणीवर वाळलेली आक्रसते. तेव्हा दोन ग्रंथांतील एखाद्या मिलिमीटरच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात गोमाशीचा विचार होतो तो जनावरांच्या रोगापायी. येथील ऊसतोड कुटुंबांची भिस्त बैलांवर असते आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. बाजार फाल्गुनातला, माशीचा जोर पावसाळ्यातला. पण विकत आणलेल्या जनावराच्या रक्तात सर्रा रोगाचा परजीवी असेल, तर पुढच्या पावसाळ्यात माशी तो इतरांत पसरवू शकते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात हा परजीवी शोधला. त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात.

नर फुलांतील मधावर जगतो. त्याचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते आणि रक्त पिते ती तीच. पात्यांसारख्या मुखांगांनी ती कातडे कापते. कळ लागताच जनावर शेपटी हाणते, मग माशी अर्धपोटी उठून शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून रोग पुढे जातो. त्यामुळे ३० मि.मी.च्या माशीपेक्षा दावणीवर सतत जागा बदलणारी मध्यम माशी पशुपालकाला अधिक महागात पडते. ताप येऊन-जाऊन राहणारे, खंगत चाललेले जनावर वेगळे व लांब बांधावे. आसपास दुसरे जनावर नसले, की उठलेली माशी बहुधा त्याच्याच अंगावर परतते.