सभेचा पत्ता : ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या जडणघडणीचा ऐतिहासिक अभ्यास (१९३५ ते १९५७)

प्रस्तावना :
मद्यपानाचा विचार इतिहासात बहुधा दारूबंदीचे कायदे, अबकारी महसूल आणि नीतिविषयक चळवळी यांच्या अनुषंगाने केला जातो. दारू सोडू इच्छिणारी व्यक्ती मदतीच्या दारापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ (ए. ए.) या संघटनेने सदस्यांची नावे गुप्त ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. नावे झाकणाऱ्या या संघटनेने आपल्या सभेचा पत्ता गरजूंपर्यंत कसा पोहोचविला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ॲक्रन येथील दूरध्वनी :
मद्यपींनी मद्यपींना साहाय्य करण्याची कल्पना ए. ए.पेक्षा जुनी आहे. १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली. जाहीर सभांतील अनुभवकथनामुळे ती झपाट्याने पसरली. परंतु प्रसिद्धी आणि राजकीय वाद यांत गुंतल्याने अल्पावधीतच ओसरली.

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात आले होते. त्यांना दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले आणि हॉटेलमधील मद्यालय त्यांना खुणावू लागले. अशा वेळी त्यांनी तेथे लावलेल्या चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंना दूरध्वनी केला. आपल्यासारखाच दुसरा मद्यपी भेटावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या धागादोऱ्यातून हेन्रिएटा सायबर्लिंग यांच्यामार्फत १२ मे रोजी शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. डॉ. स्मिथ यांच्या मद्यत्यागाचा दिवस, १० जून १९३५, हा संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. तात्पर्य, या संघटनेचा उगमच मुळी ‘मदत कोठे मिळेल’ या शोधात आहे.

२. ग्रंथ, वृत्तपत्र आणि टपाल :
एप्रिल १९३९ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात क्लीव्हलँडच्या गटाने ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक चळवळीपासून अलग होऊन ग्रंथाचेच नाव धारण केले. ऑक्टोबरमध्ये तेथील ‘प्लेन डीलर’ या दैनिकाने लेखमाला छापली आणि विचारणांचा ओघ सुरू झाला. जुने सदस्य अपुरे पडल्याने, नुकतीच दारू सोडलेल्यांनाही नवागतांकडे पाठविण्यात आले. १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ मधील लेखानंतर सुमारे २,००० असलेली सदस्यसंख्या वर्षअखेर सुमारे ८,००० झाली. न्यूयॉर्कच्या कार्यालयाकडे आलेली पत्रे त्या त्या भागातील सदस्यांकडे सोपविली जात. स्थानिक सभेचा पत्ता देण्याची व्यवस्था अशी गरजेतून आकारास आली.

३. नाव गुप्त, दार उघडे :
१९५० मध्ये क्लीव्हलँड येथील अधिवेशनात ‘बारा परंपरा’ स्वीकारल्या गेल्या. दारू सोडण्याची इच्छा हीच सदस्यत्वाची एकमेव अट ठरली. बाहेरील देणग्या नाकारण्यात आल्या. वृत्तपत्रे, नभोवाणी आणि चित्रपट यांच्या पातळीवर सदस्याने अनाम राहावे, असा दंडक घालण्यात आला. वॉशिंग्टोनियनांच्या ऱ्हासाच्या तुलनेत हा निर्णय अर्थपूर्ण वाटतो. व्यक्ती झाकली गेली. सभेचे स्थळ, वार आणि वेळ मात्र उघड राहिली. ‘खुली’ सभा कोणालाही, तर ‘बंद’ सभा केवळ मद्यपानाची समस्या असणाऱ्यांना, हा भेदही नवागताच्या संकोचाची दखल घेणारा आहे.

४. महाराष्ट्रातील संदर्भ :
१९५७ मध्ये ए. ए.चे कार्य मुंबईत सुरू झाले. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यान्वये दारूबंदी होती आणि परवान्याविना मद्यपान हा गुन्हा होता. अशा परिस्थितीत नाव न विचारणाऱ्या सभेला विशेष अर्थ प्राप्त होतो. कारण लोकलज्जेच्या जोडीला येथे कायद्याचेही भय होते. पुढे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य त्यास लाभले. येथे वैद्यकीय उपचार व समुपदेशन यांना समूहाच्या आधाराची जोड मिळाली.

निष्कर्ष :
स्वमदत गटाचे यश केवळ त्याच्या तत्त्वज्ञानात नसते. त्याचा पत्ता योग्य वेळी हाती पडण्यातही असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेने २७ अभ्यासांच्या आधारे असे दाखविले की, सातत्यपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत ए. ए. आणि त्याकडे वळविणारे सुनियोजित उपक्रम अन्य प्रस्थापित उपचारपद्धतींच्या तुलनेत सरस ठरतात. मात्र तीव्र व्यसनात दारू एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून सभा हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नव्हे, हेही ध्यानी घ्यावे लागते.

अनामतेमुळे या चळवळीची कागदपत्रे विरळ आहेत. नावे वगळून मौखिक इतिहास संकलित करणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील कार्य होय. शिक्षक म्हणूनही आपली एक जबाबदारी आहे. वर्गात गप्प बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी ही समस्या असू शकते. त्याने विचारलेच, तर उपदेशाऐवजी जवळच्या सभेचे ठिकाण, वार आणि वेळ आपल्याला सांगता आली पाहिजे.